पंपाने दूध काढताना स्तनात गाठ झाली तर काय करावे

अमळनेरहून जळगावला रोज रेल्वेने जाणारी शिक्षिका, भुसावळला रात्रपाळी करणारी परिचारिका, कमी वजनाचे बाळ जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात असल्याने दर तीन तासांनी दूध काढून देणारी सातपुड्यातील आई, अशा अनेक जणींचे आज ब्रेस्ट पंपावाचून चालत नाही. पंप वापरणाऱ्या पुष्कळ जणींना केव्हा ना केव्हा हा त्रास होतो: स्तनाच्या एका भागात दुखरी, टणक गाठ हाताला लागते, त्या बाजूचे दूध नेहमीपेक्षा कमी येते आणि पंप संपला तरी जडपणा जात नाही. घरात त्याला दूध साकळले, दूध तुंबले असे म्हणतात. अशा वेळी गाठ दाबून, चोळून, पंपाचा जोर वाढवून ती एकदाची फोडून टाकावी असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नेमके तेच टाळले तर बहुतेक वेळा गाठ एक-दोन दिवसांत उतरते, आणि तेच केले तर साधी गाठ तापापर्यंत जाऊ शकते. म्हणून काय करावे याच्याइतकेच काय करू नये हेही येथे विस्ताराने सांगितले आहे.

आत नेमके काय झालेले असते

दूध तयार होते ते स्तनातील सूक्ष्म पिशव्यांमध्ये, आणि तेथून ते बारीक नळ्यांच्या जाळ्यातून स्तनाग्रापर्यंत येते. या नळ्या स्तनाग्रावर पंधरा ते वीस ठिकाणी उघडतात असे जुन्या पाठ्यपुस्तकांत लिहिलेले असे. २००५ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्तनपान करणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तेव्हा हा आकडा सरासरी नऊच्या आसपास भरला. शिवाय या नळ्या त्वचेच्या अगदी जवळ असतात आणि थोड्या दाबानेही चेपल्या जातात, असे दिसून आले. गाठीवर अंगठा रोवून दाबणारी आई दूध पुढे ढकलत आहे असे तिला वाटते, पण प्रत्यक्षात ती दुधाची वाटच चेपत असते.

नळीत दुधाचा खडा अडकला आहे आणि तो बाहेर ढकलला की मोकळे वाटेल, ही समजूत फार पसरलेली आहे. बहुतेक वेळा असा खडा नसतोच. दूध बराच वेळ साठून राहिल्याने, किंवा गरजेपेक्षा अधिक दूध तयार होत राहिल्याने पिशव्या फुगतात, भोवतालच्या भागात पाणी साचून सूज येते आणि त्या सुजेच्या दाबाने नळ्या अरुंद होतात. अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली स्तनदाहाविषयीची आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारली ती याच आधारावर. जोराने मालिश करणे, सतत गरम शेक घेणे आणि स्तन पूर्ण रिकामा करण्यासाठी जादा पंप करणे, हे आधी सर्रास दिले जाणारे सल्ले त्यांत मागे घेतले गेले, आणि थंड शेक, सूज उतरवणारे औषध व नेहमीच्याच वेळापत्रकाने दूध काढणे यांवर भर देण्यात आला. सर्व दवाखान्यांपर्यंत हा बदल अजून पोचलेला नाही, त्यामुळे दोन ठिकाणी दोन वेगळे सल्ले मिळाले तर गोंधळून जाऊ नये.

ही गाठ कोणत्या प्रकारची आहे

दूध पाजणाऱ्या स्तनात थोडे उंचवटे हाताला लागणे स्वाभाविक असते. दूध काढल्यावर ते मऊ होतात आणि दुखत नाहीत. त्यांच्यामागे लागू नये. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास दोन्ही स्तन एकाच वेळी जड, ताठ आणि गरम होतात, तो पहिल्यांदा दूध भरून येण्याचा भाग असतो. नळी अरुंद झाल्याची खूण वेगळी असते: गाठ सहसा एकाच बाजूला आणि एकाच भागात असते, दाबल्यावर दुखते, अंगात ताप नसतो आणि एरवी प्रकृती ठीक वाटते.

त्या भागावर लाली पसरली, कातडी तापली, अंग मोडून आले, थंडी वाजून ताप आला, तर सूज पुढच्या टप्प्यावर गेली असे समजावे. हा स्तनदाह होय. येथेही प्रत्येक वेळी जंतूच कारण असतात असे नाही, केवळ सुजेमुळेही ताप येतो. मात्र ताप चोवीस तासांत उतरला नाही किंवा लाली वाढत गेली, तर जंतुसंसर्ग धरून चालावे लागते आणि डॉक्टरांकडे जावे लागते. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, ही गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. रंगावर अवलंबून न राहता हाताचा पालथा भाग दोन्ही स्तनांवर ठेवून कोणता भाग अधिक गरम आहे हे पाहावे, आणि घरात थर्मामीटर असू द्यावा.

पहिले चोवीस तास

गाठ लक्षात आली की प्रथम ताप मोजावा आणि वेळ लिहून ठेवावी, कारण पुढे डॉक्टरांना नेमके तेच सांगावे लागते.

त्यानंतरचा निर्णय वेळापत्रकाचा. नेहमी जितक्या वेळा आणि जितका वेळ दूध काढत होता, तितकेच काढावे. पंपाची एकही पाळी चुकवू नये आणि एकही वाढवू नये. बाळ जवळ असेल आणि अंगावर पीत असेल, तर त्याला पाजणे पंपापेक्षा चांगले, कारण बाळ गरजेपुरते दूध ओढते आणि थांबते. गाठीच्या बाजूने आधी पाजावे हा जुना सल्लाही ताणू नये. सूज फार असेल आणि त्या बाजूने दूध येतच नसेल, तर दुसऱ्या बाजूने पाजून किंवा काढून त्या स्तनाला काही तास विश्रांती देता येते. पंप जास्त वेळ लावला की शरीर आणखी दूध तयार करते, आणि आणखी दूध म्हणजे आधीच चेपलेल्या नळ्यांवर आणखी दाब. रात्रभर दर तासाला उठून पंप करणाऱ्या आईची गाठ सकाळी अधिक मोठी का दिसते, याचे उत्तर यात आहे.

पंप लावण्यापूर्वी पाच मिनिटे हलक्या हाताने सूज सरकवावी. पाठीला टेकून आरामात बसावे, हाताला तेल लावू नये, आणि बोटांच्या पोटांनी आधी गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, मग काखेत अगदी हळू गोल फिरवावे. त्यानंतर स्तनाच्या पृष्ठभागावरून काखेकडे आणि गळ्याकडे हात ओढत न्यावा. झोपलेल्या बाळाच्या कपाळावरून हात फिरवावा इतकाच त्याचा दाब असावा, कारण येथे हलवायचे आहे ते कातडीलगत साचलेले पाणी. दिशा स्तनाग्राकडे नसून काखेकडे असते, हे ध्यानात घ्यावे. या हाताने दुखले तर दाब जास्त झाला असे समजावे.

स्तनाग्राभोवतालचा काळसर भाग सुजून ताठ झाला असेल, तर पंपाचा फनेल, म्हणजे स्तनावर टेकवायचे नसराळे, नीट बसत नाही आणि दूध येत नाही. अशा वेळी दोन्ही हातांची बोटे स्तनाग्राच्या मुळाशी गोलाकार ठेवून आत, छातीच्या दिशेने, साधारण एक मिनिट स्थिर दाब द्यावा. सूज मागे सरते, तो भाग मऊ होतो आणि मग पंप लावता येतो. गरम पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल दोन-तीन मिनिटे ठेवल्याने पान्हा लवकर फुटतो असे अनेकींना जाणवते. बरे वाटत असेल तर तेवढ्यापुरता ठेवण्यास हरकत नाही, मात्र शेक लांबवू नये.

पंप सुरू करताना हलक्या आणि जलद गतीने करावा, पान्हा फुटून धार लागली की गती कमी करून ओढ थोडी वाढवावी, आणि दुखू लागण्याच्या आधीच्या पायरीवर थांबावे. पंधरा ते वीस मिनिटांत पंप काढावा. गाठ पूर्ण गेली नाही म्हणून तो चालू ठेवू नये. गाठ दुधाने कमी आणि सुजेने अधिक बनलेली असते, आणि सूज पंपाने निघत नाही. जडपणा फारच असेल तर शेवटी हाताने थोडेसे दूध काढून आराम मिळवावा. त्यासाठी अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या कडेला ठेवून, आधी छातीकडे आणि मग एकमेकींकडे हळुवार दाबावे. गाठीवर बोट ठेवू नये.

पंप झाल्यावर थंड शेक घ्यावा. बर्फ किंवा फ्रीजमधील जेलची पिशवी सुती कापडात गुंडाळून दहा ते पंधरा मिनिटे ठेवावी, आणि गाठ दुखत असेपर्यंत दर एक-दोन तासांनी पुन्हा ठेवावी. मे महिन्यात भारनियमनाने फ्रीज बंद असेल, तर माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेला पंचा चालतो. फ्रीजमधले कोबीचे स्वच्छ धुतलेले पान स्तनावर ठेवल्यानेही अनेकींना आराम वाटतो. उघडा बर्फ मात्र थेट कातडीवर ठेवू नये.

दुखणे आणि सूज या दोन्हींसाठी आयबुप्रोफेन उपयोगी पडते. पॅरासिटामॉल दुखणे आणि ताप कमी करते. दोन्ही औषधे स्तनपान चालू असताना घेता येतात. प्रौढ स्त्रीसाठी आयबुप्रोफेन जेवणानंतर ४०० मिलिग्रॅम आठ तासांच्या अंतराने आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम सहा तासांच्या अंतराने, अशी साधारण मात्रा असते; तरीही पहिली गोळी घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना फोनवर विचारून घ्यावे. आम्लपित्ताचा जुना त्रास, पोटात व्रण, मूत्रपिंडाचा आजार, दमा किंवा बाळंतपणातील रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊच नये. दुकानात मिळणाऱ्या काही गोळ्यांत ही दोन्ही औषधे एकत्र असतात, म्हणून पाकिटावरील नावे वाचावीत आणि तेच औषध दोनदा पोटात जाणार नाही हे पाहावे. खान्देशात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण आढळतात. त्या काळात ताप आला आणि स्तनात स्पष्ट कारण दिसत नसेल, तर रक्त तपासेपर्यंत केवळ पॅरासिटामॉलवर राहावे, कारण डेंग्यूत आयबुप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

एवढे करून विश्रांती घ्यावी, तहान लागेल तितके पाणी प्यावे, आणि स्तनाला खालून आधार देणारी पण कोठेही न काचणारी ब्रा घालावी. बहुतेक गाठी चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत मऊ होऊ लागतात. गाठ उतरल्यानंतरही ती जागा काही दिवस दुखरी राहते आणि त्या बाजूचे दूध थोडे कमी येते; त्याने घाबरून पंप वाढवू नये.

शेक, मालिश आणि लाडू

आपल्याकडे बाळंतिणीची काळजी ज्या मायेने घेतली जाते ती मोलाची आहे. सव्वा महिना तिला जड कामाला हात लावू न देणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, रोज मालिश करून अंघोळ घालणे, हे सारे तिच्या आरामासाठीच असते. अडचण येते ती स्तनात गाठ झाल्यावर. मालिश करणारी बाई गाठ जोर लावून जिरवू पाहते, कोणी कंगव्याच्या दातांनी स्तन वरून खाली ओढायला सांगते, कोणी एरंडाचे पान गरम करून बांधते, तर कोणी कढत पाण्याची पिशवी ठेवते. कंगव्याने आणि अंगठ्याने आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना इजा होते, सूज वाढते, आणि सततच्या गरम शेकाने त्या भागात रक्त अधिक येऊन ताठरपणाही वाढतो. हल्ली कोणी कंप देणारे मसाज यंत्र गाठीवर लावतात, कोणी सिलिकॉनच्या पंपात मिठाचे गरम पाणी भरून स्तन बुडवतात. यांपैकी काहीही करू नये.

घरातील वडीलधाऱ्यांना नाही म्हणणे नव्या आईला कठीण जाते, हे मी जाणते. त्यांना सरळ विरोध करण्याऐवजी काम वाटून द्यावे, असे माझे मत आहे. सासूबाईंना किंवा आईला म्हणावे, पाठ, खांदे आणि पाय चोळून द्या, त्याने पान्हा लवकर येतो, छाती तेवढी डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितली आहे. यात खोटे काही नाही. खांद्यांचा ताण सैल झाल्यावर दूध खरोखर सहज उतरते.

लाडवांचे थोडे निराळे आहे. मेथी-डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शतावरीची पावडर हे सर्व दूध वाढावे म्हणून दिले जाते. त्यांचा परिणाम प्रत्येकीत सारखा नसतो, पण गाठ झालेली असताना आणि दूध आधीच भरपूर असताना दूध वाढवण्याचा कोणताही प्रयत्न चार दिवस थांबवणे शहाणपणाचे आहे. नेहमीची भाकरी, वरण, भाजी, दूध-तूप चालू ठेवावे; गाठ झाली म्हणून तूप बंद करण्याचे काही कारण नाही, कारण खाल्लेले तूप नळीत जाऊन बसत नाही.

पंप तपासून पाहावा

एकदा झालेली गाठ वरील उपायांनी बरी होते, पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या गाठीचे कारण बहुधा पंपात किंवा वेळापत्रकात सापडते. पंपाबाबत पहिली तपासणी फनेलच्या मापाची. बाजारातील पंपांबरोबर साधारण २४ ते २८ मिलिमीटरचे फनेल येतात, आणि पुष्कळ स्त्रियांना ते मोठे होतात. माप घ्यायचे ते केवळ स्तनाग्राच्या रुंदीचे, भोवतालचा काळसर भाग सोडून, आणि पंप लावण्यापूर्वी. शाळेच्या पट्टीने स्तनाग्राच्या मुळाशी आडवे माप घ्यावे आणि त्याहून एक ते तीन मिलिमीटर मोठा फनेल निवडावा. दोन्ही बाजूंची मापे वेगळी निघू शकतात. मोठ्या फनेलमध्ये बसवता येणारे सिलिकॉनचे लहान मापाचे तुकडे वेगळे विकत मिळतात, त्यामुळे नवा पंप घेण्याची गरज पडत नाही.

माप चुकले हे ओळखणे अवघड नाही. फनेल मोठा असेल तर स्तनाग्राबरोबर काळसर भागही बराचसा आत ओढला जातो आणि पंप झाल्यावर तो सुजलेला दिसतो. फनेल लहान असेल तर स्तनाग्र कडांना घासते, पांढरे किंवा जांभळे पडते आणि चिरते. योग्य मापात स्तनाग्र मधोमध राहून मोकळेपणाने पुढे-मागे सरकते आणि वेदना होत नाहीत. फनेल छातीवर जोराने दाबून धरण्याचीही सवय अनेकींना असते. त्याच्या कडेखाली चेपलेल्या जागीच पुढे गाठ उभी राहते. हवा बाहेर निसटणार नाही इतकाच तो टेकवावा.

दुसरी तपासणी ओढीची. पंपावर बारा पायऱ्या आहेत म्हणून बाराव्या पायरीवर अधिक दूध येते असे नाही. वेदना झाल्या की पान्हा उतरवणारे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक अडते, दूध थांबते, आणि वरून ओढीने ऊतकांना सूज येते. तिसरी तपासणी झडपांची. चोचीच्या आकाराची सिलिकॉनची झडप रोजच्या वापराने सैल पडते किंवा तिची फट रुंदावते, आणि पंपाचा आवाज तसाच राहूनही ओढ कमी होते. दूध अचानक कमी येऊ लागले तर आपले दूध आटले असे समजण्यापूर्वी झडप बदलून पाहावी. दिवसातून अनेकदा पंप करणाऱ्या आईने ती एक-दोन महिन्यांनी बदललेली बरी. हाताने चालवण्याचा पंप गाठीच्या दिवसांत विशेष सोयीचा पडतो, कारण त्याची ओढ आपल्याच मुठीत असते आणि वीज गेली तरी तो अडत नाही.

वेळापत्रक, प्रवास आणि नोकरी

गाठीचे सर्वांत नेहमीचे कारण चुकलेली वेळ हे आहे. शाळेतील तास लांबला, एसटी उशिरा आली, लग्नाच्या गर्दीत निवांत जागा मिळाली नाही, आणि तीन तासांचे सहा तास झाले. जिला सकाळी घर सोडून संध्याकाळी परतायचे आहे, तिने बाळ ज्या वेळी प्यायचे त्याच वेळांच्या जवळपास दूध काढावे. बहुतेकींसाठी हे अंतर तीन ते चार तासांचे असते. पंप शक्य नसेल तेव्हा पाच मिनिटे हाताने दूध काढून दाब उतरवला तरी गाठ टळते. म्हणून हाताने दूध काढणे प्रत्येक आईने रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

नोकरीच्या ठिकाणी वेळ मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मातृत्व लाभाच्या १९६१ च्या कायद्याने ही तरतूद केली की, कायदा लागू असलेल्या आस्थापनेत कामावर परतलेल्या आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या मधल्या सुट्टीखेरीज रोज दोन वेळा स्तनपानासाठी सुट्टी द्यावी. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची केली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. रजेवरून परतण्यापूर्वी वरिष्ठांशी बोलून दार बंद होणारी एखादी खोली आणि दोन ठरलेल्या वेळा निश्चित करून घ्याव्यात.

बाळ नवजात शिशू कक्षात असेल तर आई अंगावर पाजू शकत नाही आणि सारा भार पंपावर येतो. पहिल्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, त्यात रात्री किमान एकदा, दूध काढावे लागते. कक्षातील परिचारिका दूध कमी पडते असे म्हणाली की आई धास्तावून पंप वाढवते. पण थेंब-थेंब येण्याच्या त्या काळात पाळ्या नियमित असणे प्रत्येक पाळी लांबवण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

याच्या उलट अडचण जास्त दुधाची. एक ते सहा महिन्यांचे केवळ आईच्या दुधावर असलेले बाळ चोवीस तासांत साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते. फ्रीजर भरून ठेवण्याच्या ओढीने याच्या कितीतरी अधिक दूध काढले जात असेल, तर गाठी होतच राहतील. साठा असावा, पण दोन-तीन दिवसांपुरता. दूध कमी करायचे असल्यास एका पाळीतून रोज दोन-तीन मिनिटे कमी करावीत, ती पाळी बंद झाली की चार-पाच दिवस थांबावे, आणि मग दुसरीला हात लावावा. रात्रीची पाळी एकाएकी बंद करणाऱ्या आईला सकाळी गाठ घेऊनच उठावे लागते. कपड्यांकडेही पाहावे: तारेची ब्रा, फार घट्ट ब्लाऊज, खांद्यावरून छातीवर आडवा येणारा पर्सचा पट्टा, बाळाला बांधून नेण्याच्या झोळीची कड आणि पालथे झोपणे, यांपैकी काहीही त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब देत असू शकते.

गाठ झालेल्या स्तनाचे दूध बाळाला देता येते आणि साठवताही येते. ते थोडे खारट लागते, त्यामुळे एखादे बाळ कुरकुरते. काढलेले दूध साधारण २५ अंश तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस टिकते; खान्देशात उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असताना मात्र चार तासांचा हिशेब धरू नये आणि दूध तत्काळ गोठवलेल्या जेलच्या पिशव्यांसह थंड डब्यात ठेवावे. अशा डब्यात ते चोवीस तास राहते.

स्तनाग्रावरील पांढरा ठिपका

कधी गाठीबरोबर स्तनाग्राच्या टोकावर पांढरा किंवा पिवळसर, अतिशय दुखरा ठिपका दिसतो. आतल्या सुजेचीच ती वर आलेली खूण असते. सुईने तो फोडण्याचा मोह आवरावा, कारण त्याने जखम होते, जंतूंना वाट मिळते आणि ठिपका पुन्हा येतो. सूज उतरवण्याचे वरील उपाय चालू ठेवावेत. तो राहिलाच तर डॉक्टर लावण्यासाठी सौम्य स्टिरॉइड मलम देतात. वारंवार असे होणाऱ्या आईला सोया किंवा सूर्यफुलापासून काढलेले लेसिथिनही सुचवले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यास हरकत नाही, पण त्याच्यावर सारा भरवसा ठेवून पंपाचे माप तपासायचे राहून जाऊ नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेला आणि चोवीस तासांत उतरला नाही, लाली किंवा कडकपणा पसरत गेला, दुधात पू दिसला, स्तनाग्राला चीर पडून ती चिघळली, किंवा अठ्ठेचाळीस तासांत गाठ जराही मऊ झाली नाही, तर थांबू नये. थंडी वाजून हुडहुडी भरली, चक्कर आली, नाडी फार जलद झाली, तर त्याच दिवशी, गरज पडल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून, मोठ्या रुग्णालयात जावे. गावात असाल तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातील परिचारिकेला आधी कळवावे. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या भागात अंतर मोठे आहे, म्हणून तेथील आईने ताप चोवीस तास टिकण्याची वाट पाहत बसू नये, दुसऱ्यांदा ताप चढताच निघावे.

डॉक्टर प्रतिजैविक देतील तर ते स्तनपान चालू असल्याचे सांगून घ्यावे आणि ठरवून दिलेले सर्व दिवस पूर्ण करावे. घरातली उरलेली गोळी किंवा दुकानदाराने दिलेली दोन दिवसांची मात्रा घेऊ नये. दूध पाजणे बंद करण्याची गरज स्तनदाहात नसते. उलट ते एकाएकी बंद केल्यास दूध साठून त्रास वाढतो. गाठ मऊ, पाणी भरल्यासारखी लागू लागली आणि ताप येत-जात राहिला, तर आत पू झाला आहे का हे सोनोग्राफीने पाहावे लागते. पू असेल तर तो बहुतेक वेळा सोनोग्राफीच्या मदतीने सुईने किंवा लहानशा छिद्रातून काढता येतो, आणि त्यानंतरही त्या बाजूने दूध काढता येते. दवाखान्यात जाताना पंप आणि फनेल बरोबर न्यावेत, कारण पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासाचे कारण डॉक्टरांना किंवा स्तनपान समुपदेशकाला पंप लावलेला पाहूनच लवकर कळते.

एकाच जागी तिसऱ्यांदा गाठ झाली, किंवा न दुखणारी गाठ दूध काढूनही दोन-तीन आठवडे तशीच राहिली, तर ती दुधाचीच असेल असे धरून चालू नये. दूध साचून झालेली पाण्याची गाठ, साधी तंतुमय गाठ आणि क्वचित कर्करोग, या सर्वांची शक्यता दूध पाजणाऱ्या वयातही असते. सोनोग्राफी आणि आवश्यक वाटल्यास गाठीचा तुकडा काढून करायची तपासणी स्तनपान चालू असतानाही करता येते, आणि त्यासाठी बाळाचे दूध तोडावे लागत नाही. तपासणीला जाण्याआधी दूध काढून स्तन हलका करावा, म्हणजे चित्र अधिक स्पष्ट दिसते.